अठ्ठावीस बाजूंची हद्द : फ्रेड ग्रे यांची वकिली

अमेरिकेच्या राज्यघटनेची पंधरावी दुरुस्ती १८७० सालची. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणावरून कोणाही नागरिकाचा मताधिकार नाकारता येणार नाही, एवढेच ती सांगते आणि त्याची अंमलबजावणी करण्याचे अधिकार काँग्रेसला देते. दक्षिणेतल्या राज्यांनी ही दुरुस्ती उघडपणे झुगारली नाही. तिला बगल दिली. अलाबामा राज्याने १९०१ साली स्वतःची नवी राज्यघटना तयार केली तेव्हा घटनासमितीचे अध्यक्ष जॉन नॉक्स यांनी पहिल्याच भाषणात हेतू सांगून टाकला : गोऱ्यांचे वर्चस्व प्रस्थापित करायचे, पण ते कायद्याने. त्यानुसार मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर लिहितावाचता यायला हवे, नाहीतर ४० एकर जमीन किंवा ३०० डॉलरची मालमत्ता हवी, अशा अटी आल्या. वर्षाला दीड डॉलर मतदान कर लागला आणि तो थकला की साचत जाऊ लागला. अर्जदार पात्र आहे की नाही, हे ठरवण्याची मोकळीक प्रत्येक काउंटीतल्या तीन जणांच्या नोंदणी मंडळाला मिळाली. या सगळ्या अटींत काळ्या माणसाचे नावही नव्हते. तशी गरजही नव्हती, कारण मंडळावर कोण बसणार हे सर्वांना ठाऊक होते.

या घटनेला पहिले आव्हान दिले ते माँटगोमेरीच्या पोस्टात झाडलोट करणाऱ्या जॅक्सन गाइल्स यांनी. १९०३ साली त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि न्यायमूर्ती होम्स यांनी तो फेटाळला. त्यांचा तर्क विचित्र होता. नोंदणीची सगळी पद्धतच लबाडीची आहे असे अर्जदार म्हणतो; मग त्याच लबाडीच्या यादीत त्याचे नाव घालण्याचा हुकूम न्यायालयाने कसा द्यायचा? आणि राज्यातल्या गोऱ्या जनतेनेच मतदान रोखायचे ठरवले असेल तर कागदावर नाव चढवून काय होणार? दाद मागायची ती राजकीय मार्गाने मागा, असे न्यायालयाने सुचवले. ज्याला मतच नाही त्याने राजकीय मार्ग कुठून आणायचा, हा प्रश्न तसाच राहिला. गाइल्स यांच्या दाव्याचा खर्च गुपचूप भागवणारे गृहस्थ होते टस्कीगी इन्स्टिट्यूटचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन. काळ्या समाजाने राजकारणाआधी उद्योग-शिक्षणाकडे पाहावे, असे जाहीरपणे सांगणारे हेच नेते. पुढे पन्नास-साठ वर्षांनी त्यांच्याच टस्कीगीतून निघालेल्या दाव्याने गाइल्स निकालाची कोंडी फुटायला सुरुवात झाली. तो दावा लढवणाऱ्या वकिलाचे नाव फ्रेड ग्रे.

ग्रे यांचा जन्म १४ डिसेंबर १९३० रोजी माँटगोमेरीत झाला. पाच भावंडांत ते धाकटे. वडील ते दोन वर्षांचे असतानाच वारले. आई गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जाई. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी तिची इच्छा होती आणि नॅशव्हिलच्या एका ख्रिस्ती निवासी शाळेत ते लहानपणीच प्रवचने देऊ लागले. पुढे माँटगोमेरीत काळ्यांसाठी असलेल्या अलाबामा स्टेट कॉलेजात शिकताना शहराच्या बसमधून रोज ये-जा करावी लागे. बसमध्ये चालकाकडून होणारा अपमान, पुढच्या दाराने पैसे देऊन उतरायचे आणि मागच्या दाराने चढायचे हा रिवाज, हे सगळे त्यांनी त्या काळात पाहिले. वकील व्हायचे त्यांनी तेव्हाच ठरवले. अलाबामा विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची दारे काळ्यांना बंद होती. त्यांनी आपल्याकडे प्रवेश मागू नये म्हणून राज्य सरकार त्यांना बाहेरच्या राज्यात शिकायला मदत देत असे. ग्रे यांनी ओहायोतल्या क्लीव्हलंडला, वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात कायद्याची पदवी घेतली आणि १९५४ साली ते माँटगोमेरीला परतले. काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवणारा पृथक्करणाचा कायदा मोडून काढण्यासाठी लागणारे शिक्षण त्यांनी तोच कायदा चालवणाऱ्या राज्याकडून मदत घेऊन मिळवले, ही गोष्ट ते पुढे मिस्कीलपणे सांगत. त्या वेळी शहरात दुसरा काळा वकील एकच होता.

पहिली मोठी प्रकरणे बसचीच आली. मार्च १९५५ मध्ये जागा सोडायला नकार देणारी पंधरा वर्षांची क्लॉडेट कॉल्व्हिन आणि १ डिसेंबरला अटक झालेल्या रोझा पार्क्स या दोघींचे वकील ग्रे होते. माँटगोमेरीचा ३८१ दिवसांचा बसबहिष्कार आणि त्यातून पुढे आलेले मार्टिन ल्यूथर किंग ही कहाणी जगभर परिचित आहे. त्यामागचा कायद्याचा डाव तेवढा परिचित नाही. पार्क्स यांना दंड आणि खर्च मिळून चौदा डॉलर झाले होते. त्यावरचे अपील राज्याच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे खितपत पडेल आणि शेवटी एखाद्या तांत्रिक मुद्द्यावर संपेल, हे ग्रे यांनी ओळखले. म्हणून पार्क्स यांचे नाव बाजूला ठेवून त्यांनी १ फेब्रुवारी १९५६ रोजी संघराज्याच्या न्यायालयात वेगळाच दिवाणी दावा लावला. ऑरेलिया ब्राउडर, कॉल्व्हिन आणि आणखी काही स्त्रिया त्यात वादी होत्या. आरोपी म्हणून राज्याच्या न्यायालयात उभे राहण्याऐवजी वादी म्हणून केंद्राच्या न्यायालयात जायचे, ही रीत ग्रे यांनी पुढे आयुष्यभर वापरली. तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने जूनमध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने बसमधले पृथक्करण घटनाबाह्य ठरवले आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले.

त्याची किंमत वकिलालाही मोजावी लागली. वादींपैकी एका बाईने दडपणाखाली माघार घेतली, तेव्हा अशिलाच्या संमतीवाचून वकीलपत्र घेतल्याचा आरोप ठेवून ग्रे यांच्यावर खटला भरण्यात आला. सनद जाण्याची वेळ आली होती. मात्र दावा संघराज्याच्या न्यायालयातला, त्यावर राज्याचा अधिकार चालत नाही, या मुद्द्यावर तो आरोप मागे घ्यावा लागला. धर्मोपदेशक म्हणून त्यांना सैन्यभरतीतून सूट होती. स्थानिक भरती मंडळाने तीही काढून घेतली आणि वॉशिंग्टनहून भरतीप्रमुखांनी हस्तक्षेप केल्यावरच ते प्रकरण थांबले.

मतदानाचा प्रश्न त्यांच्यासमोर पूर्ण ताकदीने आला तो टस्कीगीत. माँटगोमेरीच्या पूर्वेला मेकन काउंटीत हे गाव आहे. काउंटीची लोकसंख्या सुमारे ८४ टक्के काळी. टस्कीगी इन्स्टिट्यूट आणि माजी सैनिकांचे सरकारी रुग्णालय या दोन संस्थांमुळे इथे शिकलेला, पगारदार काळा मध्यमवर्ग तयार झाला होता. त्यांच्या नोकऱ्या गावातल्या गोऱ्या जमीनदारांच्या किंवा दुकानदारांच्या हातात नव्हत्या. दक्षिणेत इतरत्र मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावरून आणि शेतावरून जात असे. टस्कीगीच्या प्राध्यापकावर वा डॉक्टरवर ते हत्यार चालत नव्हते. समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांच्या नेतृत्वाखाली टस्कीगी सिव्हिक असोसिएशन ही संस्था वर्षानुवर्षे चिकाटीने नावनोंदणीचे काम करत होती.

नोंदणी मंडळाकडे त्यावर उपाय होते. काळ्या अर्जदारांची खोली वेगळी. तिथे एका वेळी एक-दोघांनाच आत घ्यायचे आणि बाकीच्यांना तासन्‌तास ताटकळत ठेवायचे. राज्यघटनेतले लांबलचक उतारे हाताने उतरवून मागायचे आणि एखाद्या क्षुल्लक चुकीवर अर्ज बाद करायचा. गोऱ्या अर्जदाराची चूक मात्र कारकूनच दुरुस्त करून देई. ओळखीचा नोंदणीकृत मतदार साक्षीला आणा असे सांगायचे आणि अशा साक्षीदारानेही वर्षात मोजक्याच अर्जदारांची हमी द्यावी असा नियम लावायचा. तेवढ्याने भागले नाही तर मंडळाच्या सदस्यांनी राजीनामे द्यायचे. मंडळच नाही, तर नोंदणी कुठली! भारतात १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा अक्षरओळख नसलेल्या मतदारासाठी प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवलेली होती. त्याच सुमारास टस्कीगीत पदवीधर शिक्षकांचे अर्ज लिहिण्यावाचण्याच्या कसोटीवर फेटाळले जात होते.

इतके करूनही टस्कीगी शहराच्या हद्दीत काळ्या मतदारांची संख्या चारशेच्या आसपास गेली. शहराच्या निवडणुकीत आता ती मते निर्णायक ठरणार होती. मेकनचे सेनेटर सॅम एंगलहार्ट मोठे जमीनदार, पृथक्करणवादी संघटनेचे पुढारी. १९५७ साली त्यांनी राज्याच्या विधिमंडळात एक छोटासा स्थानिक कायदा मांडला आणि तो बिनविरोध मंजूर झाला. क्रमांक १४०. त्यात वंशाचा उल्लेख नव्हता, मतदानाचाही नव्हता. होते ते फक्त शहराच्या नव्या हद्दीचे मोजमाप : अमुक कोपऱ्यापासून इतके फूट उत्तरेला, तिथून इतके पूर्वेला, असे. भूमापकाशिवाय कोणी वाचणार नाही असा तो मजकूर. तो नकाशावर काढून पाहिल्यावर मात्र चौकोनी शहराची अठ्ठावीस बाजूंची वेडीवाकडी आकृती झालेली दिसली. रेषा गल्लीबोळांतून, घरांच्या मागून अशी वळवली होती की चारशेपैकी चार-पाच सोडून सारे काळे मतदार शहराबाहेर गेले. गोरा मतदार एकही बाहेर पडला नाही. टस्कीगी इन्स्टिट्यूटही शहराबाहेर गेली.

गावाने उत्तर दिले ते बाजारात. ज्यांनी आपल्याला शहराबाहेर काढले त्यांच्या दुकानात जायचे नाही, असे ठरले. बहिष्कार हा शब्द मुद्दाम टाळला गेला, कारण अलाबामात बहिष्काराविरुद्ध कायदा होता. आपण फक्त मित्रांकडे खरेदी करतो, अशी भाषा वापरली गेली. गोऱ्यांची दुकाने एकामागून एक बंद पडू लागली. पण दुकाने बंद पडली म्हणून हद्द परत येणार नव्हती. त्यासाठी ग्रे यांनी गोमिलियन आणि इतर रहिवाशांच्या वतीने महापौर फिलिप लाइटफूट यांच्याविरुद्ध दावा लावला.

हा दावा दिसतो तितका सोपा नव्हता. शहर ही राज्याने निर्माण केलेली वस्तू. तिची हद्द वाढवणे, घटवणे, शहरच बरखास्त करणे हा राज्याचा अधिकार, असे सर्वोच्च न्यायालयाने १९०७ पासून धरले होते. शिवाय १९४६ सालच्या एका निकालात न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी मतदारसंघांच्या आखणीच्या राजकीय काटेरी रानात न्यायालयांनी पाऊल टाकू नये, असे बजावले होते. जिल्हा न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी हे दोन्ही पूर्वनिर्णय दाखवून दावा साक्षीपुराव्याआधीच काढून टाकला. बसच्या प्रकरणात ग्रे यांच्या बाजूने मत देणारे हेच न्यायाधीश. अपील न्यायालयानेही दोन विरुद्ध एक अशा मताने तोच निर्णय कायम ठेवला.

ऑक्टोबर १९६० मध्ये ग्रे सर्वोच्च न्यायालयासमोर उभे राहिले तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. सोबत नागरी हक्क चळवळीतले अनुभवी वकील रॉबर्ट कार्टर होते. ग्रे यांनी एक मोठा नकाशा नेला होता. जुनी हद्द आणि नवी हद्द एकाच कागदावर, न्यायासनावरून सहज दिसेल एवढी. युक्तिवाद सुरू असताना फ्रँकफर्टर यांनी टस्कीगी इन्स्टिट्यूट यावर कुठे आहे असे विचारले. ती शहरात राहिलेलीच नाही, असे ग्रे यांनी सांगितल्यावर न्यायमूर्तींना ते खरे वाटेना, आणि खटला तिथेच आपल्या बाजूने वळला असे आपल्याला वाटले, ही आठवण ग्रे यांनी पुढे नोंदवली आहे. ते खरे असेल किंवा नसेल, पण नकाशा हाच या दाव्यातला सगळ्यात मोठा पुरावा होता, हे निकालावरूनही दिसते. नकाशाची आकृती न्यायालयाने निकालपत्रालाही जोडली.

निकाल १४ नोव्हेंबर १९६० रोजी लागला. एकमताने, आणि तो लिहिला फ्रँकफर्टर यांनीच. काटेरी रानाची आपली जुनी भूमिका त्यांनी सोडली नाही. हे प्रकरण त्या रानाबाहेरचे आहे, असे दाखवले. मतांचे वजन कमी-जास्त होण्याची तक्रार वेगळी आणि वंश पाहून माणसांचे मतच काढून घेणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला पंधरावी दुरुस्ती थेट मनाई करते, मग ती हद्द ठरवण्याच्या नेहमीच्या अधिकाराआड लपवलेली असली तरी. कायद्यात वंशाचा शब्द नाही, या सबबीचाही निकाल लागला : परिणाम इतका एकतर्फी असेल तर हेतू वेगळा सिद्ध करण्याची गरज उरत नाही. गंमत अशी, की दोनच वर्षांनी न्यायालयाने मतदारसंघांच्या असमान आखणीचे प्रश्नही आपल्या कक्षेत घेतले तेव्हा फ्रँकफर्टर यांनी कडाडून विरोधी मत नोंदवले. गोमिलियन निकालाने न्यायालयांना नकाशा पाहण्याची सवय लावली होती, आणि आता ती थांबणार नव्हती.

प्रकरण पुन्हा जॉन्सन यांच्याकडे आले आणि १९६१ च्या सुरुवातीला त्यांनी कायदा क्रमांक १४० रद्द केला. त्याच वर्षी केंद्राच्या न्याय खात्याने लावलेल्या वेगळ्या दाव्यात त्यांनी मेकनच्या नोंदणी मंडळाच्या साऱ्या युक्त्या एकेक करून बंद केल्या आणि अडवून ठेवलेल्या चौसष्ट जणांची नावे यादीत घालायला लावली. गाइल्स यांना १९०३ साली जे मिळू शकत नाही म्हणून सांगितले गेले, नेमके ते. नंतरच्या घडामोडी भराभर झाल्या. १९६४ साली टस्कीगीच्या नगरपरिषदेवर काळे सदस्य निवडून आले. १९६६ साली मेकनने लुशियस अ‍ॅमरसन यांना शेरीफ केले. यादवी युद्धानंतरचा पुनर्रचना काळ संपल्यापासून दक्षिणेत निवडून आलेले ते पहिले काळे शेरीफ. आणि १९७० साली खुद्द ग्रे राज्याच्या विधिमंडळात गेले. त्यांच्यासोबत निवडून आलेले थॉमस रीड आणि ते, असे दोघेच पुनर्रचना काळानंतरचे पहिले काळे आमदार.

टस्कीगीपेक्षा सेल्माचे नाव अधिक गाजले. सेल्मा हे डॅलस काउंटीचे मुख्य गाव. या काउंटीत मतदानाच्या वयाचे सुमारे पंधरा हजार काळे नागरिक होते आणि त्यांतले साडेतीनशेही मतदार यादीत नव्हते. ७ मार्च १९६५ रोजी माँटगोमेरीकडे निघालेल्या मोर्चावर एडमंड पेटस पुलापलीकडे राज्य पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. ग्रे यांनी दुसऱ्याच दिवशी जॉन्सन यांच्या न्यायालयात गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. होझिया विल्यम्स, जॉन लुइस आणि अमेलिया बॉयंटन हे वादी. इथे वकिलाची अडचण दुहेरी होती. न्यायाधीशांनी साक्षीपुरावा होईपर्यंत नवा मोर्चा काढायला मनाई केली, तर हजारो लोक निघायला तयार होऊन बसले होते. मंगळवारी किंग पुलापर्यंत जाऊन, प्रार्थना करून परत फिरले. मनाई मोडली की नाही, यावर पुढे साक्षीत त्यांची उलटतपासणी झाली.

सुनावणीत पुलावरच्या मारहाणीचे दूरचित्रवाणीने टिपलेले चित्रीकरण न्यायालयात दाखवण्यात आले. मग न्यायाधीशांनी ग्रे यांच्याकडे मोर्चाची तपशीलवार योजना मागितली. ती वाचली तर एखाद्या वारीच्या नियोजनासारखी वाटते : कोणत्या दिवशी किती मैल, मुक्काम कोणाच्या शेतात, जेवण, पाणी, शौचालये आणि वैद्यकीय मदत कोण पुरवणार, महामार्ग क्रमांक ८० जिथे दोनच पदरी आहे तिथे तीनशेपेक्षा जास्त लोक चालणार नाहीत. जॉन्सन यांनी १७ मार्चला ती मंजूर केली. त्यांच्या निकालाचा गाभा असा, की सभा-मोर्चाचा हक्क किती व्यापक मानायचा हे ज्या अन्यायाविरुद्ध मोर्चा आहे तो किती मोठा आहे यावर ठरावे. आणि इथला अन्याय प्रचंड होता. कायद्याच्या पुस्तकात या तत्त्वाला पूर्वी फारसा आधार नव्हता आणि नंतरही न्यायालयांनी ते फारसे उचलले नाही. पण त्या आठवड्यात ते पुरेसे ठरले. २१ मार्चला केंद्राच्या ताब्यात घेतलेल्या नॅशनल गार्डच्या बंदोबस्तात मोर्चा निघाला आणि २५ तारखेला माँटगोमेरीत सुमारे पंचवीस हजार लोक जमले.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची सही झाली. लेखन-वाचनाच्या कसोट्या स्थगित झाल्या, केंद्राचे अधिकारी स्वतः नोंदणी करू लागले. पण ग्रे यांच्यासारख्या वकिलांच्या दृष्टीने कायद्यातले सर्वांत मोलाचे कलम पाचवे. पूर्वेतिहास वाईट असलेल्या राज्यांनी निवडणुकीच्या नियमांत किंवा हद्दीत कोणताही बदल करण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यायची. आधी अन्याय, मग दावा, मग तीन-चार वर्षांनी निकाल, तोवर दोन निवडणुका उरकलेल्या, असा टस्कीगीचा क्रम या कलमाने उलटा केला. बदल निर्दोष आहे हे सिद्ध करण्याचा भार राज्यावर आला.

मतदार यादीइतकीच महत्त्वाची दुसरी यादी ज्यूरीची. अलाबामात ज्यूरीवर कोणाला बोलवायचे हे काउंटीचे ज्यूरी आयुक्त ठरवत, आणि प्रामाणिक व समंजस म्हणून लौकिक असलेला माणूस अशी सैल पात्रता लावत. काळी माणसे त्या यादीत जवळजवळ नसत. स्त्रिया तर १९६६ पर्यंत कायद्यानेच बाद होत्या. याचा अर्थ, चळवळीतल्या माणसावर खटला झाला तर त्याचा फैसला गोऱ्या पुरुषांच्या हातात, आणि त्याला मारणाऱ्यावर झाला तरी तसेच. १९६० साली किंग यांच्यावर प्राप्तिकराच्या विवरणपत्रात खोटी माहिती दिल्याचा खटला झाला तेव्हा ग्रे बचाव वकिलांत होते. माँटगोमेरीच्या बारा गोऱ्या ज्यूरींनी किंग यांना निर्दोष सोडले, आणि त्याचे सर्वांत जास्त आश्चर्य बचाव पक्षालाच वाटले. पण अशा अपवादांवर विसंबून राहता येत नाही. आरोपीने शिक्षेनंतर अपिलात ज्यूरीविरुद्ध तक्रार करणे ही जुनी वाट होती. ग्रे यांनी मेकन काउंटीत वेगळी वाट धरली : कोणताही फौजदारी खटला नसताना, आम्हाला ज्यूरीवर बोलावले जात नाही, अशी तक्रार घेऊन सामान्य नागरिकांनीच दिवाणी दावा लावला. १९६६ साली तो जिंकला गेला. देशातल्या अशा पहिल्या काही दाव्यांत त्याची गणना होते.

या काळात त्यांनी लढवलेल्या इतर दाव्यांची यादी लांब आहे. धरणे धरल्याबद्दल अलाबामा स्टेट कॉलेजातून काढलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रकरणात, सरकारी महाविद्यालयाला नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय विद्यार्थ्याला काढता येत नाही, हा १९६१ चा निर्णय आजही विद्यार्थ्यांच्या कामी येतो. मेकन काउंटीतल्या एका शाळेपासून सुरू झालेला दावा १९६७ साली अलाबामातल्या बहुतेक सगळ्या शाळा एकत्र करण्याच्या आदेशापर्यंत गेला.

१९७२ च्या उन्हाळ्यात मेकनचे शेतकरी चार्ली पोलार्ड ग्रे यांच्याकडे आले. १९३२ पासून अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने टस्कीगी परिसरातल्या सुमारे सहाशे काळ्या पुरुषांवर एक अभ्यास चालवला होता. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. उपचार न केल्यास रोग कसा वाढतो हे पाहण्यासाठी त्यांना रोगाचे खरे नावही सांगितले नव्हते. रक्त दूषित आहे एवढेच सांगून तपासत राहिले. चाळीसच्या दशकात पेनिसिलिन हाताशी आल्यावरही ते दिले गेले नाही. वृत्तपत्रांनी हे उघड केल्यानंतर आपण त्यातलेच एक आहोत, हे पोलार्ड यांना कळले. ग्रे यांनी १९७३ साली दावा लावला आणि पुढच्या वर्षी एक कोटी डॉलरवर तडजोड झाली. उपदंश झालेल्या हयात माणसाला ३७,५०० डॉलर आणि मृतांच्या वारसांना १५,००० डॉलर मिळाले. चाळीस वर्षांच्या मानाने ही रक्कम तुटपुंजी होती, अशी टीका झाली आणि ती गैर म्हणता येत नाही. दावा पूर्ण चालला असता तर मुदतीचा मुद्दा आडवा आला असता आणि वादी म्हातारे होऊन मरत होते, ही दुसरी बाजू. सरकारने माफी मागावी हा आग्रह ग्रे यांनी सोडला नाही. ती राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १६ मे १९९७ रोजी व्हाइट हाउसमध्ये, हयात असलेल्यांपैकी काहींच्या समोर मागितली.

न्यायासनावर बसण्याची संधी मात्र हुकली. फ्रँक जॉन्सन अपील न्यायालयात गेल्यावर त्यांच्या रिकाम्या जागेसाठी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ग्रे यांचे नाव सुचवले. विरोध इतका झाला की १९८० साली ग्रे यांनी नाव मागे घेतले. ती जागा टस्कीगीतच जन्मलेले तरुण वकील मायरन थॉम्पसन यांना मिळाली. ज्या अलाबामा राज्य वकील संघाच्या परंपरेत काळ्या वकिलाला जागा नव्हती, त्याचे अध्यक्षपद २००२ साली ग्रे यांच्याकडे आले; ते पहिले काळे अध्यक्ष. २०२२ साली त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. त्याआधीच्या वर्षी माँटगोमेरीने त्यांचे बालपण गेलेल्या रस्त्याला त्यांचे नाव दिले. तो रस्ता गुलामगिरीवादी राज्यसंघाचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या नावाचा होता. जुनी स्मारके आणि नावे बदलायला बंदी करणारा राज्याचा कायदा मोडला म्हणून शहराला पंचवीस हजार डॉलर दंड झाला.

मताधिकार कायद्याचा पुढचा इतिहासही अलाबामाभोवतीच फिरतो. याच राज्यातल्या शेल्बी काउंटीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरवले, की कोणत्या राज्यांना पूर्वमंजुरी घ्यावी लागेल हे ठरवणारे सूत्र जुनाट आणि म्हणून घटनाबाह्य आहे. सूत्रच गेल्याने पाचवे कलम पुस्तकात राहिले, वापरात राहिले नाही. मतदारांवर पुन्हा आधी अन्याय, मग दावा हीच पाळी आली. २०२० च्या जनगणनेनंतर अलाबामाने काँग्रेसचे सात मतदारसंघ आखले. लोकसंख्येत काळे नागरिक चौथ्या हिश्शाहून अधिक, तरी त्यांचे बहुमत एकाच मतदारसंघात. या नकाशाविरुद्धचा दावा २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी मतदारांच्या बाजूने लागला. राज्याने नवा नकाशा काढतानाही दुसरा तसा मतदारसंघ द्यायचे टाळले, तेव्हा न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाकडून नकाशा काढून घेण्यात आला. त्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मतदारसंघात माँटगोमेरी आणि मेकन या दोन्ही काउंट्या आल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथून शोमारी फिगर्स निवडून गेले.